वाचनालये व जीवरक्षण

अभ्यासाचा उतारा : प्रेषितांची कृत्ये २०:७-१२



ह्या आठवड्याच्या पाठाकरिता आम्ही जो उतारा निवडला आहे, तो आपल्या मंडळ्यांत फारसा शिकविला जात नाही. वाचला गेलाच, तर ऐकणाऱ्यांस किंचित हसू येते. कारण त्यात लांबलेल्या उपदेशाची व पेंगणाऱ्या श्रोत्याची हकीकत आहे. परंतु प्रसंग हसण्याचा नव्हे, मृत्यूचा आहे. अमेरिकेतील सार्वजनिक वाचनालयांत गेल्या काही वर्षांपासून जे एक कार्य चालले आहे, त्याचे मर्म समजून घेण्यास ह्या उताऱ्याचा आम्हांस फार उपयोग झाला. मादक द्रव्याची अतिमात्रा होऊन जे मरणाच्या दारी पोहोचतात त्यांचे प्राण वाचविणे, हे ते कार्य होय. वाचनालयाचा व ह्या गोष्टीचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहजच येईल. म्हणून आपण क्रमाने विचार करू.

१. उताऱ्याचा विचार

पौल त्रोवस येथे सात दिवस राहिला. आठवड्याच्या पहिल्या दिवशी शिष्य भाकर मोडावयास माडीवर एकत्र झाले. दुसऱ्या दिवशी पौलास प्रवासास निघावयाचे होते, म्हणून त्याने आपले भाषण मध्यरात्रीपर्यंत चालविले. खोलीत पुष्कळ दिवे होते. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसला होता. त्यास गाढ झोप लागली व तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलून पाहिले, तो मेलेला. पौल खाली गेला, त्याच्यावर पडून त्याने त्यास कवटाळिले व घाबरलेल्या लोकांस धीर दिला. मग पुन्हा माडीवर जाऊन भाकर मोडली व तो पहाटेपर्यंत बोलत राहिला. तरुणास जिवंत घरी नेण्यात आले व सर्वांचे मोठे समाधान झाले.

ह्यात तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की पौलाने उपदेश थांबविला. त्याचा विषय देवाच्या राज्याचा होता आणि वेळ तर अगदीच थोडा राहिला होता. तरी एक मनुष्य पडला असता त्याने आपले वाक्य पुरे करण्याची वाट पाहिली नाही. दुसरी ही, की तो स्वतः खाली उतरला. दुसऱ्या कोणास पाठवून तो माडीवर बसून राहिला नाही. तिसरी गोष्ट शास्त्रलेखात जे नाही त्यावरून कळते. उपदेश चालू असता तू झोपलास कसा, खिडकीत बसण्याचे कारण काय, असा दोषाचा एकही शब्द पौलाने त्या तरुणास लाविलेला आढळत नाही. थांबणे, खाली उतरणे व दोष न लाविता जवळ घेणे, ह्या तीन गोष्टी मनात धरून पुढचा भाग वाचावा.

२. अतिमात्रा म्हणजे काय

खसखशीच्या बोंडास चिरा पाडिल्या असता जो चीक निघतो, तीच अफू. तिच्यापासून मॉर्फीन व कोडीन ही औषधे मिळतात, मॉर्फीनपासून हेरॉईन बनवितात, आणि ह्यांच्याच गुणांची आणखी कित्येक द्रव्ये रसायनशाळेत तयार करितात. शस्त्रक्रियेच्या वेळी व कर्करोगाच्या असह्य वेदनांत ह्यांतील काही औषधांनी मनुष्यास मोठा आराम दिला आहे, हे कृतज्ञतेने कबूल केले पाहिजे. परंतु ही द्रव्ये वेदना जशी मंद करितात, तसाच श्वासही मंद करितात. मेंदूच्या देठाशी श्वासोच्छ्वास चालविणारे जे केंद्र आहे, ते प्रमाणाबाहेर मात्रा झाली असता निजून जाते. मनुष्य झोपल्यासारखा दिसतो, श्वास हळूहळू थांबतो, आणि प्राणवायू न मिळाल्यामुळे काही मिनिटांतच मेंदूस कायमची इजा होऊन मरण येते. युतुखाप्रमाणेच हाही झोपेतून मृत्यूत पडतो. आणि पाहणारास वाटते की बापडा निजला आहे, निजू द्यावा.

हा अनर्थ अमेरिकेत एवढा का वाढला, ह्याची कारणे थोडक्यात सांगतो. सन १९९० नंतरच्या दहा वर्षांत तेथील डॉक्टर अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या पूर्वीपेक्षा फार सढळ हाताने देऊ लागले, व पुष्कळांस त्यांची चट लागली. पुढे गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा सन २०१० च्या सुमारास अनेक जण हेरॉईनकडे वळले. सन २०१३ पासून त्यांत फेंटॅनिल नावाचे द्रव्य चोरट्या बाजारातून येऊन मिसळू लागले. हे मॉर्फीनच्या सुमारे शंभरपट तीव्र असते. मिठाच्या थोड्याशा कणांएवढे फेंटॅनिलही, ज्यास त्याची सवय नाही, अशा मनुष्याचा प्राण घेऊ शकते. आणि विकत घेणारास आपल्या पुडीत ते किती आहे हे कळावयास मार्ग नसतो. सन २०२२ मध्ये त्या देशात मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे १ लाख ८ हजार माणसे मेली. त्यांपैकी चारांत तिघांच्या मरणास अफूच्या जातीची द्रव्ये कारण झाली होती.

ह्या विषावर एक उतारा आहे. त्याचे नाव नॅलॉक्सोन. त्याचा शोध सन १९६१ च्या सुमारास लागला व सन १९७१ मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्यास मान्यता दिली. मेंदूतील ज्या जागा अफूच्या द्रव्याने अडविलेल्या असतात, तेथून त्यास हुसकून देऊन हे औषध स्वतः त्या जागा धरिते, आणि बहुधा दोन-तीन मिनिटांत मनुष्य पुन्हा श्वास घेऊ लागतो. ह्याने नशा येत नाही व ह्याची चट लागत नाही. ज्याच्या शरीरात अफूचे द्रव्य मुळीच नाही, त्यास हे चुकून दिले तरी त्याचा काही अपाय होत नाही. पूर्वी ते सुईनेच द्यावे लागत असे. सन २०१५ च्या अखेरीस नाकात फवारण्याची एक सोपी कुपी तेथे मान्य झाली, आणि सन २०२३ मध्ये ती डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्याची परवानगी मिळाली. अशा रीतीने जे काम पूर्वी वैद्याचे होते, ते कोणत्याही धीराच्या मनुष्यास करिता येण्याजोगे झाले.

३. फिलाडेल्फिया येथील एक वाचनालय

ज्या देशातून सन १८१३ मध्ये मुंबईस पहिले अमेरिकन मिशनरी आले, त्याच देशाच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात फिलाडेल्फिया हे मोठे शहर आहे. त्याच्या केन्सिंग्टन नावाच्या भागात एके काळी विणकामाच्या गिरण्या गजबजलेल्या होत्या. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकामागून एक बंद पडल्या, मजूर बेकार झाले व ओसाड घरे मागे राहिली. पुढे मादक द्रव्यांच्या उघड्या बाजाराकरिता ही वस्ती कुप्रसिद्ध झाली. त्या वस्तीत मॅकफर्सन स्क्वेअर नावाचे एक उद्यान आहे, व त्या उद्यानात खांबांच्या दर्शनी भागाचे एक सुंदर वाचनालय आहे. पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी ह्यांनी वाचनालयांकरिता जे अपार द्रव्य दिले, त्यातून हे बांधले गेले व सन १९१७ मध्ये उघडले.

ह्या वाचनालयात गरीब वस्तीतील मुले शाळा सुटल्यावर येत, धडे करीत व गोष्टी ऐकत. त्याच उद्यानाच्या हिरवळीवर व बाकांवर सुया टोचून घेणारे लोकही येत. लोकांनी त्या उद्यानास सुयांचे उद्यान असे नावच ठेविले होते. वाचनालय सर्वांस मोकळे, म्हणून ते लोक आतही येत, व शौचगृहात दार लावून सुई घेत. सन २०१६ मध्ये टाकलेल्या सुयांनी तेथील मोरी तुंबली व वाचनालय काही दिवस बंद ठेवावे लागले. बाकावर, पायऱ्यांवर व शौचगृहात माणसे निपचित पडलेली सापडू लागली. रुग्णवाहिका बोलाविली तरी ती येईपर्यंतची मिनिटेच प्राण जाण्याची मिनिटे असत.

तेव्हा तेथील ग्रंथपालांपुढे दोनच मार्ग होते. दारे लावून घ्यावी, अथवा काही शिकून घ्यावे. त्यांनी दुसरा मार्ग धरिला. सन २०१७ मध्ये त्यांनी नॅलॉक्सोन देण्याचे शिक्षण घेतले. आग लागली असता काय करावे ह्याची जशी कवायत शाळांत करितात, तशी कोणी बेशुद्ध पडल्यास कोणी काय करावयाचे ह्याची कवायत त्यांनी केली. शौचगृहावर देखरेख बसविली. आणि हाक आली की हातातले पुस्तक खाली ठेवून ग्रंथपालबाई औषधाची कुपी घेऊन हिरवळीवर धावत जाऊ लागल्या. त्या वर्षी त्यांनी असे अनेक वेळा केले, व निळी पडलेली माणसे पुन्हा श्वास घेऊ लागलेली तेथील लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

वाचकहो, त्रोवस येथील माडीची आठवण येथे कोणास होणार नाही? वाचन थांबले, ग्रंथपाल पायऱ्या उतरून खाली गेल्या, आणि पडलेल्याजवळ गुडघे टेकले. मग त्या पुन्हा वर आल्या व मुलांस गोष्टी सांगू लागल्या.

४. वाचनालयच का?

पोलिसांचे नाके आहेत, रुग्णालये आहेत, मंदिरे व चर्चे आहेत. मग हे काम वाचनालयाकडे का आले? ह्याचे उत्तर आपल्या मराठीतील एका शब्दात आहे. आपल्याकडे पुष्कळ वाचनालयांत एक मुक्तद्वार विभाग असतो. वर्गणी नाही, ओळख नाही, असाही मनुष्य तेथे येऊन वर्तमानपत्र वाचू शकतो. अमेरिकेतील सार्वजनिक वाचनालय हे सबंधच असे मुक्तद्वार असते. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा, पाणी, शौचगृह व बसावयास खुर्ची तेथे फुकट मिळते, आणि तू कोण, कशाला आलास, असे कोणी विचारीत नाही. ज्यास घर नाही त्यास दिवसा जावयास दुसरी जागाच नसते. मुक्तद्वार घरात सगळेच येणार, व त्यांत मरणास टेकलेलेही येणार. सबब ज्यांनी दार मोकळे ठेविले आहे, त्यांजवर त्या दाराने एक जबाबदारी टाकिली आहे.

ही गोष्ट एकट्या फिलाडेल्फियाची नव्हे. कोलोरॅडो प्रांतातील डेन्व्हर शहराच्या मुख्य वाचनालयात सन २०१७ च्या फेब्रुवारीत एक तरुण शौचगृहात मृत आढळला. त्यानंतर लवकरच त्या वाचनालयाने नॅलॉक्सोन ठेवण्यास सुरुवात केली व पहिल्याच वर्षात त्याने अनेकांचे प्राण वाचले. सन २०१८ च्या ऑक्टोबरात, हे औषध बनविणाऱ्या कंपनीने त्या देशातील १६ हजारांहून अधिक सार्वजनिक वाचनालयांस प्रत्येकी दोन मात्रा विनामूल्य देण्याचे जाहीर केले.

परंतु प्राण परत आणणे हा कार्याचा शेवटचा भाग होय. तत्पूर्वी पुष्कळ करावयाचे असते, व तेथे वाचनालयाची खरी शक्ती दिसते. ते प्रयत्न थोडक्यात असे :

(अ) खरी माहिती देणे. गोळ्यांचे भय काय, अतिमात्रेची चिन्हे कोणती, उपचार कोठे मिळतो, ह्यांची पत्रके वाचनालये ठेवितात, सभा व व्याख्याने करवितात. लाज वाटणारा बाप जो प्रश्न शेजाऱ्यास विचारीत नाही, तो पुस्तकास विचारतो.

(आ) घरातील उरलेली औषधे सुरक्षितपणे नष्ट करण्याच्या पिशव्या देणे. पुष्कळ तरुणांस पहिली गोळी चोरट्या बाजारातून नव्हे, घरच्याच कपाटातून मिळते.

(इ) साहाय्यकर्ते नेमणे. सन फ्रान्सिस्को शहराच्या वाचनालयाने सन २००९ मध्ये एक समाजसेविका पूर्ण वेळ नेमिली. असे करणारे ते त्या देशातील पहिले वाचनालय होय. पुढे इतरांनी ते उदाहरण गिरविले. मिशिगन प्रांतातील कॅलमझू येथील वाचनालयात, ज्यांनी स्वतः असे दिवस काढिले आहेत, अशांस येणाऱ्या लोकांशी बोलावयास ठेविले. जो त्या खड्ड्यातून वर आला आहे, त्याचे बोलणे खड्ड्यातल्यास पटते.

(ई) सुटलेल्यांस उभे राहण्यास मदत करणे. टेनेसी प्रांतातील ब्लाउंट काउंटी येथील वाचनालय, व्यसनातून सुटण्याच्या अटीवर न्यायालयाने तुरुंगाबाहेर ठेविलेल्या लोकांस संसार चालविण्याचे, काम शोधण्याचे व हिशेब ठेवण्याचे शिक्षण देऊ लागले. हे फार महत्त्वाचे आहे. कारण तुरुंगातून अथवा व्यसनमुक्तीच्या घरातून नुकताच बाहेर आलेला मनुष्य सर्वांत अधिक धोक्यात असतो. मधल्या काळात त्याच्या शरीराची सवय मोडलेली असते, आणि पूर्वीची मात्रा पुन्हा घेतली तर तीच त्यास मारिते.

सन २०२४ मध्ये अमेरिकेतील अतिमात्रेच्या मृत्यूंची संख्या उतरून सुमारे ८० हजारांवर आली. हे यश कोणा एकाचे नाही, आणि ८० हजार हाही लहान आकडा नाही. तथापि नॅलॉक्सोन रस्त्यारस्त्यांत पोहोचल्याचा त्यात वाटा आहे असे जाणते लोक मानितात. व ते पोहोचविणाऱ्यांत ग्रंथपालांचेही हात आहेत.

५. काही आक्षेप व त्यांचा विचार

पहिला आक्षेप असा, की अशा रीतीने वाचविल्याने पापी मनुष्यास पापात राहण्यास धीर येतो. जाणूनबुजून विष घेणारास पुन्हा पुन्हा का वाचवावे? हा प्रश्न तेथील लोकांनीही विचारिला, व आपल्या मंडळ्यांतही तो विचारिला जाईल हे आम्ही जाणतो. ह्यास आमचे उत्तर असे. पश्चात्ताप करावयास मनुष्य जिवंत असावा लागतो. मेलेल्यास कोणी सुवार्ता सांगत नाही व प्रेतास कोणी व्यसनमुक्तीच्या घरी पोहोचवीत नाही. वाचविलेला मनुष्य पुन्हा पडेल, हे खरे असू शकेल. परंतु क्षमेचा हिशेब किती वेळा ठेवावा असे पेत्राने विचारले तेव्हा प्रभूने त्यास काय सांगितले, ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पाहावे. आणखी हेही लक्षात असावे, की ही चट एकदा लागली म्हणजे शरीर व मेंदू बदलून जातात, आणि निव्वळ निश्चयाने सुटणे फार थोड्यांस साधते. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन ह्यांसारखी औषधे वैद्यांच्या देखरेखीखाली घेतली असता मरणाचे भय पुष्कळ कमी होते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. प्रार्थना करावी, आणि औषधही घ्यावे. लूक हा स्वतः वैद्य होता.

दुसरा आक्षेप ग्रंथपालांचाच आहे, व तो आदराने ऐकण्याजोगा आहे. ते म्हणतात, आम्ही पुस्तके राखावयास शिकलो. मरणाऱ्यास हाताळणे हे आमचे काम नव्हे, आणि त्याचा भार आमच्या मनास सोसवत नाही. हे बोलणे खोटे नाही. म्हणूनच शहाण्या वाचनालयांनी हे काम कोणावर लादले नाही. जे स्वेच्छेने पुढे आले त्यांसच शिकविले, आणि असा प्रसंग घडून गेल्यावर त्यांस विश्रांती व कोणाजवळ तरी मन मोकळे करण्याची सोय दिली. त्रोवस येथेही समाधानाची गरज त्या तरुणाइतकीच पाहणाऱ्यांसही होती.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे. मदत केल्यास पोलीस आपल्यालाच धरतील, ह्या भीतीने सोबती पळून जातात व पडलेला एकटा मरतो. म्हणून पेनसिल्व्हेनियाने सन २०१४ मध्ये कायदा करून, अशा वेळी मदत बोलाविणारास ठराविक मर्यादेत अभय दिले. अमेरिकेच्या बहुतेक प्रांतांत आज असे कायदे आहेत. आणि विशेष हे, की सामान्य बोलण्यात त्यांस चांगल्या शोमरोन्याचे कायदे असेच म्हणतात. प्रभूच्या दाखल्यातील तो वाटसरू आज कायद्याच्या पुस्तकातही जाऊन बसला आहे.

६. आपल्या गावांकरिता बोध

कोणी म्हणेल, हे दूरदेशचे दुखणे. आमच्या गावात फेंटॅनिल कोठे आहे? असे म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी आठवाव्या. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून गलबते भरभरून चीन देशास जात असे, व त्या व्यापारावर मुंबईतील कित्येक घराणी धनवान झाली. सबब ह्या विषाच्या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्यास नाही. दुसरी गोष्ट आजची आहे. भारत सरकारने करविलेली व सन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की आपल्या देशात अफूच्या जातीची द्रव्ये घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक आहेत. त्यांत शहरांतील हेरॉईन घेणारे आहेत, तसेच कोडीन असलेले खोकल्याचे औषध बाटल्यांनी पिणारे व वेदनाशामक गोळ्यांची चट लागलेलेही आहेत. ट्रामाडोल नावाच्या अशाच एका गोळीवर सन २०१८ मध्ये मादक द्रव्यांच्या कायद्याचे निर्बंध घालावे लागले. दारू अथवा झोपेच्या गोळ्या ह्यांच्या जोडीने ही द्रव्ये घेतली, तर श्वास बंद पडण्याचा धोका फारच वाढतो.

महाराष्ट्रात सन १९६७ च्या कायद्यान्वये अनुदान मिळणारी हजारो वाचनालये आहेत, व त्यांतील पुष्कळशी लहान गावांत, एका खोलीत चाललेली आहेत. कित्येक ठिकाणी आपल्या मंडळीचीही एक वाचनाची खोली असते. संध्याकाळी काम नसलेले तरुण तेथे जमतात. उपदेशक व शिक्षक बंधुभगिनींनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्या, अशी आमची नम्र विनंती आहे.

चिन्हे ओळखण्यास शिकावे व शिकवावे. हाका मारल्या, हलविले, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरे जोराने घासली, तरी जो जागा होत नाही. ज्याचा श्वास अगदी मंद, घुरघुरता किंवा थांबलेला आहे. ज्याचे ओठ व नखे निळी अथवा राखेच्या रंगाची झाली आहेत. ज्याच्या डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत. तो निजलेला नाही, मरत आहे असे समजावे. त्यास निजून उतरेल म्हणून कोपऱ्यात ठेवू नये. तोंडावर पाणी मारणे, मारहाण करणे, काही पाजणे अथवा ओकविणे हे उपाय करू नयेत. त्यांत वेळ जातो, व पाजलेले श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

ताबडतोब १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व काय घेतले असावे ते स्पष्ट सांगावे. आपल्याकडे नॅलॉक्सोन सामान्यतः रुग्णालयात सुईने देतात, म्हणून रुग्ण लवकर पोहोचणे ह्यातच त्याचे जीवित आहे. तोवर श्वास थांबला असल्यास मान मागे करून, नाक धरून, दर पाच सेकंदांस एक ह्याप्रमाणे तोंडाने श्वास द्यावा. हे काम जवळच्या आरोग्य केंद्रात आधी प्रत्यक्ष शिकून ठेवावे. श्वास चालू असल्यास त्यास कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात अडकणार नाही. त्यास एकटे सोडू नये. औषधाने शुद्धीवर आला तरी रुग्णालयातून लगेच घरी आणू नये. कारण नॅलॉक्सोनचा गुण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, व विष मागे उरले असल्यास श्वास पुन्हा बंद पडतो.

वाचनाच्या खोलीच्या भिंतीवर दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे : रुग्णवाहिकेकरिता १०८, व व्यसनमुक्तीच्या सल्ल्याकरिता सरकारचा विनामूल्य क्रमांक १४४४६. जवळचे उपचार केंद्र कोठे आहे ह्याचीही चौकशी करून ते लिहावे. पुष्कळांस ठाऊक नसते, की सन १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यात, जो व्यसनी मनुष्य आपण होऊन मान्य रुग्णालयात उपचारास जातो त्यास ठराविक अटींवर खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. घाबरलेल्या आईबापांस हे समजावून सांगितले, तर त्यांचे पाऊल दवाखान्याकडे लवकर पडेल.

शेवटची सूचना जिभेविषयी आहे. कोणाचा मुलगा असा पडला, तर मंडळीत त्याच्या घराची चर्चा होऊ नये. जेथे चर्चा होते तेथे पुढचा मुलगा लपून घेतो. आणि एकट्याने, दार लावून घेणारासच मरण फार लवकर गाठते. आपल्या वाचनाच्या खोलीत येताना त्यास भीती वाटू नये, एवढे जरी आपण साधिले तरी एक मोठे जीवरक्षण झाले.

खिडकीत बसलेला युतुख माडीवरल्या मंडळीचाच होता. तो बाहेरचा नव्हता. आपल्याही सभेत, आपल्याही बाकांवर, खिडकीच्या कडेला असे तरुण बसलेले असतात. त्यांजकडे दृष्टी ठेविण्याची, व कोणी पडल्यास आपले बोलणे अर्धे टाकून खाली उतरण्याची बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. पौलाने उपदेश थांबविला ह्यावरून सेवकाच्या कर्तव्याविषयी आपण काय शिकतो?
२. युतुखास दोष लाविल्याचे उताऱ्यात का आढळत नाही असे आपणांस वाटते?
३. बेशुद्ध मनुष्य निजला आहे की मरत आहे, हे कोणत्या चिन्हांवरून ओळखावे? प्रत्येकाने तोंडाने सांगावी.
४. आपल्या गावात वाचनालय अथवा वाचनाची खोली आहे काय? तिच्या भिंतीवर वरील दोन क्रमांक ह्या आठवड्यात कोण लिहील?
५. व्यसनात सापडलेले एखादे कुटुंब आपल्या मंडळीपासून दूर राहत असेल, तर त्यांजकडे प्रथम कोणी व कसे जावे?